महाविद्यालयात कर्मचारी सल्लागार समिती स्थापन करायची आहे: रचना, अधिकार आणि मर्यादा यांविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न: उत्तरगोवा_प्राध्यापिका

सर्वांना नमस्कार.

उत्तर गोव्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी शिकवते. नियमित प्राध्यापक, कंत्राटी आणि लेक्चर बेसिसवर (तासिकांप्रमाणे मानधनावर) येणारे शिक्षक, कार्यालयातील कर्मचारी, प्रयोगशाळा साहाय्यक व परिचर, ग्रंथालयातील मंडळी आणि एमटीएस (साफसफाईसारखी विविध कामे करणारे मल्टी-टास्किंग कर्मचारी) असे सगळे धरून आम्ही शंभराच्या आत आहोत. प्राचार्यांनी अलीकडेच मला आणि दोन सहकाऱ्यांना बोलावून सांगितले, की सर्व कर्मचाऱ्यांची मिळून एक सल्लागार समिती असावी असा त्यांचा विचार आहे आणि तिच्या नियमांचा कच्चा मसुदा चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी आम्ही त्यांना द्यावा.

हा विचार ज्या प्रसंगातून पुढे आला तो साधाच आहे, पण त्यातून मूळ अडचण कळेल. २०२३-२४ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा नवा आराखडा आमच्याकडे लागू झाला. मेजर-मायनरच्या (मुख्य आणि दुय्यम विषयांच्या) जोड्या जुळवताना वर्गखोल्या अपुऱ्या पडू लागल्या आणि रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची एक तुकडी संध्याकाळी साडेपाचपर्यंत गेली. वेळापत्रक समितीत सगळे प्राध्यापकच आहेत. साडेपाचला विद्यार्थी बाहेर पडतात आणि शिक्षकही घरी जातात. पण त्यानंतर काचसामान धुऊन जागेवर लावायचे, गॅसची मुख्य तोटी बंद करायची, ॲसिडच्या बाटल्या कपाटात ठेवून कुलूप घालायचे आणि किल्ली कार्यालयात जमा करायची हे काम प्रयोगशाळा परिचराचे असते, आणि त्याला आणखी पाऊण तास तरी लागतो. सत्तरीच्या आतल्या गावांकडे जाणारी त्यांची बस तोवर निघून गेलेली असते. वेळापत्रक पक्के होण्याआधी त्यांना कोणी नुसते विचारले असते, तर ती तुकडी सकाळी घेता आली असती, कारण आठवड्यातून दोन दिवस सकाळी तीच प्रयोगशाळा रिकामी असते. त्यांना हा बदल सूचनाफलकावरून कळला.

मसुदा लिहायला बसल्यावर मात्र प्रश्न वाढत गेले. महाविद्यालयाचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक व्यवस्थापन समितीवर कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी आहेतच आणि आयक्यूएसीही (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) आहे. मग ही नवी समिती त्यांच्या शेजारी नेमकी कुठे बसते? शिक्षक आणि शिक्षकेतर यांची एकच समिती करावी की दोन? प्राचार्यांनी अध्यक्ष असावे का? कोणते विषय तिच्यासमोर यावेत आणि कोणते मुळीच येऊ नयेत? आणि ज्या समितीला निर्णयाचा अधिकार नाही तिच्या म्हणण्याला काही वजन राहील अशी व्यवस्था कशी करायची? ज्यांनी अशा समित्या चालवल्या किंवा जवळून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर: निवृत्त_हेडक्लार्क_अंत्रुज

मॅडम, आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

सल्ला मानणे प्राचार्यांवर बंधनकारक करता येत नाही, आणि करूही नये. जबाबदारी त्यांची असते आणि सहीही त्यांचीच असते. परंतु आलेल्या सल्ल्याला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक करता येते. सगळी मेख तिथेच आहे. आपल्या नियमावलीत एकच कलम धड लिहायचे असेल, तर ते हे लिहा: समितीची शिफारस प्राचार्यांच्या कार्यालयात आवक क्रमांक घालून नोंदवली जाईल आणि त्यानंतर एकवीस दिवसांत तिला लेखी उत्तर मिळेल. उत्तर तीनच प्रकारचे असू शकते. शिफारस मान्य असेल तर अंमलबजावणी कोण आणि केव्हापर्यंत करणार ते त्यात लिहावे. अमान्य असेल तर कारण द्यावे. विषय प्राचार्यांच्या अधिकाराबाहेरचा असेल, तर तो संस्थेकडे किंवा पर्वरीला उच्च शिक्षण संचालनालयाकडे कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला ते कळवावे. 'विचाराधीन आहे' हे उत्तर धरले जाणार नाही, असेही स्पष्ट लिहावे. या दोन शब्दांखाली किती फायली झोपतात हे मी नोकरीभर पाहिले आहे.

यासाठी एक जाड नोंदवही घालावी. संगणकावर ठेवायची असेल तर तीही ठेवावी, पण वही हवीच, कारण ती कोणालाही उघडून पाहता येते. रकाने असे आखावेत: विषय, कोणत्या बैठकीत आला, प्राचार्यांकडे गेल्याची तारीख व आवक क्रमांक, उत्तराची तारीख, उत्तराचा सारांश, अंमलबजावणी कोणाकडे, आणि झाली की नाही. बहुतेक कार्यालयांत पहिले चार रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले सापडतात आणि शेवटचे दोन कोरे असतात. त्या दोन रकान्यांवर दर बैठकीच्या सुरुवातीला पंधरा मिनिटे द्यावीत आणि मगच नवे विषय घ्यावेत.

आता समिती कशाच्या आधारावर उभी राहते ते पाहू. केवळ प्राचार्यांच्या कार्यालयीन आदेशाने नेमलेली समिती पुढचे प्राचार्य दुसऱ्या आदेशाने मोडू शकतात, किंवा आदेश काढण्याचीही तसदी न घेता बैठकच बोलावत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे प्राचार्यांची नेमणूक पाच वर्षांसाठी असते आणि कामगिरीचे मूल्यमापन होऊन आणखी पाच वर्षांची मुदत मिळू शकते. म्हणजे ज्यांनी ही कल्पना मांडली तेच कायम राहणार नाहीत. म्हणून नियमावली स्थानिक व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवून ठराव करून घ्यावा आणि प्राचार्यांच्या आदेशात त्या ठरावाचा क्रमांक व तारीख घालावी. पुढे कोणाला ती समिती बंद करायची झाली, तर निदान त्याच टेबलावर येऊन कारण सांगावे लागेल.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, राग मानू नये. प्राध्यापकांना समित्यांचे सभासदत्व कॅसच्या (पदोन्नती योजनेच्या) फायलीत दाखवता येते, शिक्षकेतरांना त्याचा काही उपयोग नसतो. त्यामुळे काही नावे केवळ प्रमाणपत्रासाठी पुढे येतील. तीन बैठकांना सलग न आल्यास जागा रिकामी समजली जाईल असा नियम घातला की हा प्रश्न बराचसा आपोआप मिटतो.

उत्तर: दिल्लीहून_परत

मी गोव्यात येण्यापूर्वी काही वर्षे दिल्ली विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात शिकवत होते. तेथील स्टाफ कौन्सिलची व्यवस्था आपल्या मसुद्यासाठी पाहण्यासारखी आहे. तिचे अनुकरण करा असे माझे म्हणणे नाही. तिच्यातील एक कल्पना घेण्यासारखी आहे आणि एक उणीव टाळण्यासारखी.

दिल्ली विद्यापीठाच्या अठराव्या अध्यादेशाप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात स्टाफ कौन्सिल असते. सर्व शिक्षक, ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक हे तिचे सदस्य असतात, प्राचार्य पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि सचिवाची निवड सदस्य करतात. सचिवाची मुदत एक वर्षाची असते, फेरनिवड होऊ शकते, परंतु सलग दोन मुदतींपेक्षा जास्त काळ तेच पद एका व्यक्तीकडे राहत नाही. घेण्यासारखी कल्पना अशी, की काही विषयांवर ही कौन्सिल निर्णय घेते आणि काही विषयांवर केवळ शिफारस करते, आणि ही विभागणी नियमातच लिहिलेली आहे. वेळापत्रक, मानधन नसलेल्या अभ्यासेतर कामांची शिक्षकांमध्ये वाटणी, ग्रंथालयातील पुस्तके व प्रयोगशाळेची उपकरणे खरेदी करण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे, असे विषय निर्णयाच्या बाजूला येतात. नवी शिक्षकपदे निर्माण करण्यासारखे विषय शिफारशीच्या बाजूला राहतात. अर्थात हे सर्व विद्यापीठाचे अधिनियम व अध्यादेश यांच्या चौकटीतच चालते.

आपल्याकडे असा अध्यादेश नसताना महाविद्यालयाने आपल्या पातळीवर निर्णयाचे अधिकार वाटणे कठीण आहे, हे खरे. तरीही मसुद्यात एक मधला मार्ग ठेवता येईल. काही विषय असे नमूद करावेत, की ज्यांवर समितीचे मत घेतल्याशिवाय अंतिम आदेश निघणार नाही. वेळापत्रक हा त्यातला पहिला असावा. परीक्षेच्या पर्यवेक्षणाची वाटणी, सुट्टीच्या काळातील कार्यालयाच्या पाळ्या, महाविद्यालयाच्या वेळेतील बदल आणि इमारतीतील जागांची फेरवाटणी हे पुढचे. समितीने प्रस्ताव मिळाल्यापासून सात दिवसांत मत दिले नाही, तर तिला काही म्हणायचे नाही असे समजून पुढे जावे. नाहीतर वेळापत्रक अडवल्याचे खापर समितीवर फुटेल. आपल्या प्रयोगशाळा परिचराचा प्रश्न या एका कलमाने वेळीच समोर आला असता.

टाळण्यासारखी उणीव आपल्या लक्षात आली असेलच. त्या कौन्सिलमध्ये कार्यालयातील लिपिक नाही आणि प्रयोगशाळेतील परिचरही नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत साधारणतः प्राध्यापकांची सिनेट वेगळी आणि इतर कर्मचाऱ्यांचे मंडळ वेगळे असते, आणि तिथे संख्या मोठी असल्याने ते चालून जाते. शंभराच्या आतल्या महाविद्यालयात दोन समित्या केल्या, तर प्राध्यापकांच्या समितीचे ऐकले जाईल आणि दुसऱ्या समितीला चहा मिळेल. समिती एकच असावी असे माझे ठाम मत आहे.

अध्यक्षपदाबाबत मात्र मी दिल्लीच्या नियमाशी सहमत नाही. जी समिती प्राचार्यांना सल्ला देणार तिचे अध्यक्ष प्राचार्यच असतील, तर सल्ला देणारा आणि घेणारा एकच होतो. अध्यक्ष निवडलेला असावा. बैठकीचा पहिला भाग सदस्यांनी आपसांत घ्यावा आणि दुसऱ्या भागात प्राचार्यांना निमंत्रित करावे.

उत्तर: मडगावकर

मी वेगळे मत मांडतो. आपण आणखी एक समिती करू नये.

आपल्याच महाविद्यालयातील समित्यांची यादी एकदा काढून पाहा. आयक्यूएसी, अंतर्गत समिती, रॅगिंगविरोधी समिती, विद्यार्थी तक्रार निवारण समिती, ग्रंथालय समिती, खरेदी समिती, परीक्षा समिती, शिवाय प्रत्येक दिनविशेषासाठी तात्पुरती एक. साहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन असते आणि उरलेल्या वेळात उत्तरपत्रिका, पोर्टलवर गुण भरणे, मार्गदर्शन, संशोधन हे सगळे बसवायचे असते. तीच दहा-बारा माणसे या खोलीतून त्या खोलीत जातात आणि प्रत्येक ठिकाणी हजेरीपत्रकावर सही करतात. नॅकच्या (महाविद्यालयांना दर्जा ठरवून देणाऱ्या परिषदेच्या) मूल्यांकनात सहाव्या निकषाखाली सहभागी व्यवस्थापनाविषयी लिहावे लागते, म्हणून अनेक ठिकाणी अशी समिती नॅकचे पथक भेटीला येण्याच्या वर्षी जन्माला येते आणि गुणपत्रक आले की संपते.

स्थानिक व्यवस्थापन समितीवरचे कर्मचारी प्रतिनिधी आहेत, त्यांनाच कामाला लावावे. प्रत्येक बैठकीपूर्वी त्यांनी सर्व कर्मचाऱ्यांची तासाभराची सभा घ्यावी, विषय गोळा करावेत आणि बैठकीनंतर काय झाले ते येऊन सांगावे. शेजारच्या महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने जुन्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली. तिच्यात पूर्णवेळ शिक्षकांनी निवडलेले तीन प्रतिनिधी, ज्यांत किमान एक महिला, आणि शिक्षकेतरांनी निवडलेला एक प्रतिनिधी असतो, आणि वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात. कायद्याने उभ्या केलेल्या मंचाला बळ द्यावे. शेजारी दुसरा तंबू ठोकू नये.

उत्तरगोवा_प्राध्यापिका यांचे उत्तर

मडगावकर, समित्यांच्या गर्दीविषयी आपण लिहिले ते अगदी खरे आहे आणि बैठकीपूर्वीच्या सभेची सूचना मी मसुद्याबाहेरही प्राचार्यांना सांगणार आहे. तथापि आमच्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अंदाजपत्रक, नेमणुका, शुल्क, इमारतीची दुरुस्ती असे विषय असतात आणि संस्थेचे पदाधिकारी समोर बसलेले असतात. तिथे आमच्या शिक्षकेतर प्रतिनिधीने प्रयोगशाळेच्या किल्लीचा आणि बसच्या वेळेचा विषय काढावा, ही अपेक्षा मला वास्तवाला धरून वाटत नाही. तो विषय तिथे यायला नकोच आहे. तो खालीच सुटायला हवा. आपण महाराष्ट्राच्या कायद्याचा उल्लेख केला, त्यात तीन शिक्षकांमागे एक शिक्षकेतर आहे, हेही ध्यानात घ्यावे. आमच्याकडे दोन्ही गटांच्या संख्येत एवढा फरक नाही.

विषयांच्या मर्यादेबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. सेवाविषयक तक्रारी या समितीकडे येऊ शकतात का? आमच्या एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे की त्याच याव्यात, नाहीतर समितीचा उपयोग काय.

उत्तर: तिसवाडीचा_वकील

आपल्या सहकाऱ्यांची भावना समजू शकतो, पण वैयक्तिक सेवाविषयक तक्रारी या समितीकडे घेतल्या, तर ती पहिल्याच वर्षी अडचणीत येईल. त्याची कारणे सविस्तर देतो.

एक, ही समिती म्हणजे संघटना नव्हे आणि तिने तसे होऊ नये. वेतन, पदोन्नती, शिस्तभंग, नेमणूक कायम करणे हे विषय कायदा, विद्यापीठाचे परिनियम आणि शासनाचे नियम यांनी बांधलेले आहेत. प्राचार्यांशी बोलून ते बदलत नाहीत. शिवाय आपल्या समितीत ज्यांची कायदेशीर स्थिती एकसारखी नाही अशी माणसे एकत्र बसणार आहेत. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा निर्णय आपल्याच गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात झाला. गोवा, दमण आणि दीव सरकार त्यात प्रतिवादी होते. शैक्षणिक संस्था ही त्या कायद्याच्या दृष्टीने 'उद्योग' ठरते हे १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यापासून मान्य झाले होते, तरी अध्यापन हे त्या कायद्यात सांगितलेल्या कामाच्या प्रकारांत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. लिपिक किंवा परिचर यांच्या बाबतीत उत्तर वेगळे येऊ शकते. म्हणजे एकाच टेबलावरच्या दोघांना दाद मागण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. समितीने कोणाच्या वतीने वाटाघाट केली, तर उद्या तिने नेमके कोणाचे प्रतिनिधित्व केले हा वाद उभा राहील. १९४७ च्या त्याच कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची, कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसतील अशी, कार्यसमिती नेमण्याची तरतूद होती; तिचा हेतूही सलोखा राखणे हाच होता, वेतनाची घासाघीस करणे हा नव्हता.

दोन, लैंगिक छळाची तक्रार या समितीसमोर कोणत्याही रूपात येता कामा नये. २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांप्रमाणे ती अंतर्गत समितीकडेच जाते. तक्रारदाराचे नाव, तक्रारीचा मजकूर आणि चौकशीचा तपशील गुप्त ठेवणे कायद्याच्या १६ व्या कलमाने बंधनकारक आहे. सल्लागार समितीच्या एखाद्या सदस्याने सद्भावनेने का होईना तो विषय बैठकीत काढला आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली, तर कायद्याचा भंग होतो. अध्यक्षांनी विषय तिथेच थांबवून संबंधितांना अंतर्गत समितीकडे जाण्यास सांगावे, असे नियमात लिहा.

तीन, इतिवृत्ते लिहिताना हे ध्यानात ठेवा, की भरीव शासकीय अनुदान घेणारे महाविद्यालय २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली येते आणि समितीची कागदपत्रे कोणीही मागू शकतो. इतिवृत्तात व्यक्तीचे नाव न लिहिता विषय लिहावा. 'अमुक परिचराची बस चुकते' असे न लिहिता 'साडेचारनंतर संपणाऱ्या प्रात्यक्षिकांनंतर प्रयोगशाळा बंद करण्याच्या कामाची वेळ आणि जबाबदारी' असे लिहिले, की तोच विषय धोरणाचा होतो आणि कोणाची गाऱ्हाणी चव्हाट्यावर येत नाहीत. एका व्यक्तीचा प्रश्न आणि एका प्रकारच्या कामाचा प्रश्न यांतला हा फरक सदस्यांना सुरुवातीलाच समजावून द्यावा. तुमच्या सहकाऱ्यांचे अर्धे समाधान त्यातच होईल, कारण वैयक्तिक वाटणाऱ्या बऱ्याच तक्रारी अशा रीतीने मांडता येतात.

सरकारी महाविद्यालयांत कर्मचारी शासकीय सेवेचे नियम पाळतात आणि तेथे चौकट निराळी आहे; मी वर लिहिले ते अनुदानित महाविद्यालयांपुरते समजावे.

उत्तर: ग्रंथपाल_बार्देश

निवडणुकीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्या महाविद्यालयात अशी समिती आहे आणि ती चालते. त्याचे मोठे कारण जागांची वाटणी हे आहे.

नऊ जागा आहेत. चार शिक्षकांच्या, चार शिक्षकेतरांच्या आणि एक कंत्राटी व लेक्चर बेसिसवरील शिक्षकांची. शिक्षकेतरांच्या चारही जागा एकत्र ठेवल्या असत्या, तर कार्यालयातील लिपिकच निवडून आले असते, कारण ते सर्वांना रोज भेटतात. म्हणून कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि एमटीएस यांना एकेक जागा वेगळी ठेवली आणि त्या त्या गटाने आपला माणूस स्वतः निवडला. मतदान गुप्त चिठ्ठीने होते. हात वर करून निवड केली की विभागप्रमुखांकडे पाहून हात वर होतात. मुदत दोन वर्षांची आहे, परंतु पहिल्या वेळी निम्म्या सदस्यांना चिठ्ठ्या टाकून एकच वर्ष दिले, त्यामुळे दरवर्षी निम्मे बदलतात आणि जुने कोणीतरी असतेच.

विषय गोळा करण्यासाठी आम्ही आधी जिन्याखाली पेटी ठेवली होती. ती रिकामी राहिली. एवढ्या लहान ठिकाणी प्रत्येकाचे अक्षर प्रत्येकाला ओळखता येते, आणि पेटीच्या समोरच बायोमेट्रिक यंत्र असल्यामुळे सकाळी सगळे तिथे रांगेत उभे असतात. गूगल फॉर्ममध्ये प्राध्यापकांनी लिहिले, एमटीएसनी नाही. आता गटाचा प्रतिनिधी बैठकीच्या आधीच्या आठवड्यात आपल्या माणसांना त्यांच्या कामाच्या जागी जाऊन भेटतो, बोलणे ऐकतो आणि विषय स्वतःच्या अक्षरात लिहून आणतो. हे कष्टाचे आहे, पण विषय येतात. ग्रंथालयातील वाचनकक्षाचे दिवे दुपारी कोणत्या रांगेत बंद ठेवायचे, पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि पिशव्यांची कपाटे कुठे ठेवायची, हे आमच्या एमटीएस प्रतिनिधीने सुचवले. ग्रंथपाल असून मला ते कधी दिसले नव्हते, कारण फरशी मी पुसत नाही.

बैठक कामाच्या वेळेतच घ्यावी आणि ती ड्यूटी समजली जावी. महाविद्यालय सुटल्यावर बैठक ठेवली, की लांबून येणारे आणि घरी लहान मुले असणारे आपोआप वगळले जातात. सूचना आणि इतिवृत्त आमच्याकडे इंग्रजीत निघतात, कारण पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. पण बैठक कोकणीत आणि मराठीत होते आणि इतिवृत्त कायम करण्यापूर्वी सचिव ते सर्वांना कोकणीत वाचून दाखवतात. आपण काय बोललो ते कागदावर कसे आले हे कळल्याशिवाय कोणी सही करू नये, असा संकेत पडला आहे.

उत्तरगोवा_प्राध्यापिका यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षकेतरांच्या गटवार जागा, वेळापत्रकापूर्वी मत घेणे, एकवीस दिवसांचे उत्तर आणि अंतर्गत समितीचे विषय वगळणे, हे आम्ही मसुद्यात घेत आहोत. एकच अडचण उरते. कंत्राटी आणि लेक्चर बेसिसवरील शिक्षकांची नेमणूक वर्षागणिक, कधी सत्रागणिक होते. पुढच्या वर्षी आपल्याला पुन्हा घेतील की नाही हे ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर त्यांनी काय बोलायचे? त्यांच्यापैकी एकीने मला स्पष्टच सांगितले, की जागा ठेवा, पण उभे कोणी राहणार नाही.

उत्तर: निवृत्त_हेडक्लार्क_अंत्रुज

मॅडम, ती शिक्षिका खरे बोलते आहे. तिच्या भीतीवर पूर्ण इलाज नियमावलीत नाही, पण ती कमी करता येते.

त्यांच्या जागेची मुदत दोन वर्षांची ठेवू नका. चालू शैक्षणिक वर्षापुरतीच ठेवा आणि निवडणूक नेमणुकीची पत्रे हातात पडल्यावर, म्हणजे जुलैत घ्या. त्यांच्यापैकी कोणी उभे राहिले नाही, तर जागा रिकामी न ठेवता त्यांनी आपल्या पसंतीचा एखादा नियमित शिक्षक आपला प्रतिनिधी म्हणून सुचवावा, अशी मुभा द्या. त्यांना काय म्हणायचे आहे ते मग त्या शिक्षकाच्या तोंडून येईल. विषयपत्रिकेवर विषय कोणी दिला हे कोणाच्याच बाबतीत लिहू नये. सगळे विषय समितीचे म्हणून जावेत. मानधन वेळेवर न मिळणे हा विषय तर जरूर घ्यावा, कारण ती रक्कम ठरवण्याचा अधिकार महाविद्यालयाला नसला, तरी बिल कार्यालयातून केव्हा निघाले आणि कोणाच्या टेबलावर किती दिवस राहिले हे नक्कीच विचारता येते.

आदेशात घालण्यासाठी मजकूर खाली देतो. भाषा कार्यालयी आहे, हवे तसे बदल करा:

'समितीच्या बैठकीत अथवा समितीसमोर विषय मांडल्याच्या कारणावरून कोणत्याही कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात, कामाच्या वाटपात अथवा पुनर्नियुक्तीत प्रतिकूल विचार केला जाणार नाही. असा विचार झाल्याचे संबंधितास वाटल्यास त्याने तसे समितीच्या अध्यक्षांस कळवावे, आणि अध्यक्षांनी ते पत्र सात दिवसांच्या आत स्थानिक व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे सीलबंद पाठवावे.'

पत्र प्राचार्यांमार्फत पाठवावे, असे कोणी सुचवले तर मात्र मान्य करू नका.